गुन्हेगार पॅकिंग नव्हे

पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस वर्षे वयाच्या गाड्या अजूनही नियमाने धावताना दिसतात. कार्ब्युरेटरची मारुती ८००, ओम्नी, क्वचित कुणी जिवापाड राखलेली पद्मिनी किंवा अँबॅसॅडर. या वयाच्या गाड्यांना हटकून जडणारे एक दुखणे म्हणजे मॅनिफोल्डची गळती. सकाळी इंजिन सुरू केल्यावर इंजिनाकडून टिकटिक येते, सिग्नलला गाडी थरथरते, पेट्रोल जास्त लागते. गॅरेजात गेल्यावर निदान बहुतेक वेळा लगेच होते: ‘पॅकिंग गेलंय.’ मग नट आवळले जातात, फटीवर सिलिकॉनचा लेप बसतो, फारच झाले तर नवे पॅकिंग घातले जाते आणि पुढच्या पावसाळ्याआधी गाडी परत त्याच गॅरेजच्या दारात उभी राहते. माझे म्हणणे असे, की जुन्या गाडीत पॅकिंग बहुधा बळी असते, गुन्हेगार नसते. खरा दोष वाकलेल्या मॅनिफोल्डमध्ये आणि ताण गमावलेल्या स्टडमध्ये असतो. तो दोष मॅनिफोल्ड पूर्ण उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि उतरवून त्याचा फेस (हेडवर टेकणारा सपाट भाग) न तपासता नवे पॅकिंग घालून परत चढवला, तर निम्मेच काम झालेले असते.

मॅनिफोल्ड दोन. एक हवा-पेट्रोलचे मिश्रण कार्ब्युरेटरमधून प्रत्येक सिलिंडरकडे नेतो, तो इनटेक. हा बहुधा अॅल्युमिनियमचा. दुसरा जळालेला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडतो, तो एक्झॉस्ट. हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. दोघेही सिलिंडर हेडला स्टड आणि नटांनी बांधलेले असतात आणि मध्ये पॅकिंग असते. अँबॅसॅडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तर दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच अंगाला, एकमेकांना जोडलेले आणि एकाच पॅकिंगवर बसलेले. तिथे एकाची वाकणूक दुसऱ्याला भोवते. गळती मात्र दोन्हींची अगदी उलट वागते: इनटेकची गळती बाहेरची हवा आत ओढते, एक्झॉस्टची गळती आतला धूर बाहेर फेकते.

आधी इनटेक. इंजिन आयडलिंगला असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, पिस्टन हवा ओढत असतात, आणि मॅनिफोल्डमध्ये चांगलाच व्हॅक्यूम तयार होतो. धडधाकट इंजिनात व्हॅक्यूम गेजचा काटा समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतो. याचा अर्थ आतला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी. इतका फरक असला की फटीतून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते. जरा हिशेब करू. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आयडलिंगला मिनिटाला ढोबळमानाने १०० लिटर हवा घेते. फक्त २ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून या व्हॅक्यूमला मिनिटाला २५ लिटरच्या आसपास हवा आत येऊ शकते. इंजिनाच्या एकूण हवेचा चौथा हिस्सा कार्ब्युरेटरला बगल देऊन आत येतो आणि त्याच्यासोबत पेट्रोलचा थेंबही नसतो. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे वजनाचे प्रमाण ज्या यंत्राला सांभाळायचे, त्याचा सारा तोल तिथेच जातो. शिवाय फट एका पोर्टपाशी असेल तर तोच सिलिंडर उपाशी राहतो आणि तीनपैकी एक मिसिंग करू लागतो.

हीच गाडी वेगात मात्र ठीक चालते, आणि फसगत इथेच होते. अॅक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, व्हॅक्यूम पडतो, हवेचा एकूण ओघ कित्येक पटींनी वाढतो, त्यात फटीतून येणारी हवा नगण्य ठरते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर तक्रार नसते आणि वडखळ नाक्याच्या कोंडीत गाडी बंद पडते. मालक म्हणतो, पळते तर छान, मग कार्ब्युरेटरच बिघडला असणार. मेकॅनिक आयडलिंगचा स्क्रू वाढवतो, मिश्रणाचा स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवतो. थरथर थांबते, पण आता ज्या सिलिंडरला गळती नाही त्याला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते आणि ज्याला आहे त्याला जेमतेम पुरते. मायलेज घसरते, प्लग काळे पडतात. निदान करण्याचा सोपा मार्ग हाताशी असतो: इंजिन चालू ठेवून सिरिंजने साबणाचे पाणी इनटेकच्या जोडावर थोडे थोडे सोडायचे. फट असेल तिथे पाणी आत ओढले जाते आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारूनही हे कळते, पण शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असताना ज्वालाग्राही फवारा मारणे मला मुळीच पटत नाही. व्हॅक्यूम गेज वापरायचा, तर पेण आणि रोहा खाडीकाठच्या सखल भागात असल्यामुळे पुस्तकातले आकडे जसेच्या तसे लागू पडतात. दर हजार फूट उंचीला काटा साधारण एक इंच खाली येतो. तीच निरोगी गाडी खोपोलीचा घाट चढून पुण्यात नेली, तर जवळपास दोन इंच कमी दाखवील. तो बिघाड नव्हे.

अलीकडे या दुखण्यात आणखी एक भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणारे पेट्रोल बहुतांशी वीस टक्के इथेनॉलचे आहे. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे या इंधनाला पूर्ण जळायला हवा कमी लागते, एका भागाला साडेतेराच्या आसपास. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळायला मार्ग नाही. त्याचे जेट शुद्ध पेट्रोलच्या मापाने भोक पाडलेले आहेत, त्यामुळे मिश्रण आपोआप थोडे पातळ होते. पूर्वी जी बारीक फट इंजिन खपवून घेत होते, ती आता मिसिंगच्या रूपाने समोर येते. ‘इथेनॉलने गाडी खराब केली’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या गाड्यांत खरा दोष मॅनिफोल्डची जुनी फट आणि तडकलेले रबरी पाइप हाच असणार. इंधनाने तो फक्त उघडा पाडला. सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत तर गळतीमुळे पातळ झालेले मिश्रण उलटे भडकते, आणि इनटेकमध्ये होणाऱ्या त्या फटाक्याने पॅकिंगचे तुकडे उडतात.

एक्झॉस्टची गोष्ट उष्णतेची आहे. जोर लावून चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांच्या पुढे तापतो. ज्या हेडला तो बांधलेला आहे ते मारुतीत अॅल्युमिनियमचे, आणि पाण्याने थंड ठेवलेले, म्हणून शंभर अंशांच्या आसपासच राहते. बीड दर अंशाला प्रत्येक मीटरमागे साधारण ११ मायक्रोमीटर वाढते, अॅल्युमिनियम २३. तीनशे मिलिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर दीड मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. त्याच लांबीचे हेड ७० अंशांनी तापून अर्धा मिलिमीटरच वाढते. म्हणजे दोन घट्ट बांधलेल्या तुकड्यांत गरम-थंडच्या दर फेरीला एक मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. म्हणूनच मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात, त्याला सरकायला जागा मिळावी म्हणून. गंजाने ती जागा भरली, की सरकणे थांबते. त्यातच मॅनिफोल्डचे बाहेरचे अंग आतल्या अंगापेक्षा जास्त तापते. लांबायला वाव न मिळाल्याने तिथले लोखंड दाबले जाते आणि थंड होताना मूळ मापापेक्षा आखूड होते. हजारो फेऱ्यांनंतर सगळा तुकडा किंचित धनुष्यासारखा वळतो आणि त्याची दोन टोके हेडपासून सुटू लागतात. पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरपाशीच काजळीची काळी रेघ का दिसते आणि टोकाचेच स्टड आधी का तुटतात, याचे उत्तर हे आहे.

या गळतीची टिकटिक थंड इंजिनात स्पष्ट येते आणि पाच-दहा मिनिटांत विरते, कारण तापलेले लोखंड फुगून फट तात्पुरती बुजवते. टॅपेटचा आवाज समजून वाल्व्हची सेटिंग करण्यात पैसे घालवण्याचा प्रकार यातूनच होतो. फरक ओळखता येतो: टॅपेटची टकटक इंजिनावर जोर पडला तरी फारशी बदलत नाही, एक्झॉस्टची टिकटिक चढावर आणि रेस दिल्यावर जोर धरते. थंड इंजिन सुरू करून मागे सायलेन्सरच्या तोंडावर ओले जाड फडके काही सेकंद धरले, तर फटीतून सुसकारा ऐकू येतो.

आता पेण-रोह्याच्या हवामानाकडे आणि रस्त्याकडे पाहिले पाहिजे, कारण कंपनीच्या पुस्तकात ही बाजू येत नाही. पेणच्या भोवती खाडी आणि मिठागरे, हवेत क्षार. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. लाल होईपर्यंत तापलेल्या बिडावर रस्त्यावरच्या डबक्याचे पाणी उडाले, की तो भाग एकदम आकसतो आणि केसाएवढी चीर पडते. अंबा नदी नागोठण्यात चढली किंवा कुंडलिकेचे पाणी रोह्यात रस्त्यावर आले, की चाकभर पाण्यातून गाडी काढणारे असतातच. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. रस्त्याचा वाटाही कमी नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळातल्या खड्ड्यांतून आणि वळणरस्त्यांतून या गाड्या गेल्या आहेत. खड्ड्यांनी सायलेन्सरचे लटकवायचे रबर तुटते. मग पाइप आणि सायलेन्सरचे सगळे ओझे मॅनिफोल्डवर येते, आणि प्रत्येक धक्क्याला तो लांब पाइप तरफेसारखा स्टडना पिरगाळतो. मॅनिफोल्डचे काम करताना गाडीखाली शिरून ही वीस-पन्नास रुपयांची रबरे आणि इंजिनाचे माउंटिंग न बघणाऱ्याचे काम टिकणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा: नट आवळून जर आवाज थांबतो, तर उतरवायचे कशाला? थांबतो, थोडे दिवस. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण दहा टक्केच स्टडच्या ताणात जातात, बाकीचा जोर नटाच्या बुडाशी आणि आट्यांच्या घर्षणात संपतो. स्वच्छ आट्यांच्या ८ मिलिमीटरच्या स्टडवर २० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर सव्वा टनाच्या आसपास दाब मिळतो. आटे गंजलेले असले तर हाताला तेवढेच घट्ट लागते, पण दाब निम्म्यावर येतो. आवळणाऱ्याला वाटते काम झाले. प्रत्यक्षात तो गंजाशी झुंजत असतो आणि आणखी जोर लावला तर स्टड पिळून तुटतो. शिवाय वाकलेला तुकडा दाबून सरळ केला तरी तो वाकण्याचा ताण तिथेच राहतो, आणि पहिल्या गरम-थंड फेऱ्यांत नट सैल पडू लागतात. लेपाबद्दल तर जास्त बोलायला नको. गॅरेजातले साधे सिलिकॉन अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तग धरते. एक्झॉस्टच्या जोडावर ते जळून भुगा होते, आणि इनटेकवर जास्त फासलेला लेप आत सुटून पोर्टमध्ये जातो. बाहेरून लावलेला लेप गळती थांबवत नाही, गळतीची खूण मिटवतो. निदानाच्या दृष्टीने हे जास्त वाईट.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि अनुभवी मेकॅनिककडूनच येतो: जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड उतरवायला गेलो, की स्टड तुटतात आणि दोनशेच्या कामाचे दोन हजार होतात. हे खरे आहे. पण जो स्टड उतरवताना तुटतो तो आधीच आतून खाल्लेला असतो. त्याने पुरेसा दाब देणे केव्हाच थांबवलेले असते. आणि तुटण्याचे प्रमाण घाईवर अवलंबून असते. आदल्या दिवशी, इंजिन कोमट असताना, प्रत्येक नटाच्या बुडाशी जंग सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, सकाळी परत सोडावे. सहा कोनांचा गोटी पाना घ्यावा. बारा कोनांचा पाना झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. नट आधी जरासा आवळण्याच्या दिशेने हलवावा, गंजाची पकड मोडली की पाव फेरा उलटा, परत थोडा सुलटा, परत तेल. हाताला नट ‘स्प्रिंगसारखा’ वाटू लागला, म्हणजे फिरतोय पण आटे सरकत नाहीत, तर तिथेच थांबावे. पुढच्या पाव फेऱ्यात स्टड जाणार. अशा वेळी पेट्रोलचे पाइप काढून, टाकी बंद करून, गॅसच्या ज्योतीने फक्त नट तापवावा. नट फुगतो, स्टड आत तुलनेने थंड राहतो, पकड सुटते. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असला, तर त्यावर जुना नट वेल्डिंगने चिकटवून फिरवता येतो. वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते. हेडच्या आत तुटला तर नेमका मध्य खुणावून ड्रिल करायचे, आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवायची. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये हेलिकॉइलचे आटे मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतात, त्यामुळे या टप्प्याला घाबरून काम टाळण्याचे कारण मला दिसत नाही. एक सावधगिरी मात्र महत्त्वाची: जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासून उडवू नये. पाणी मारून ओले करावे, पत्र्याच्या बोथट पट्टीने सोलावे, आणि कचरा बंद पिशवीत जावा.

मॅनिफोल्ड हातात आला की खरी तपासणी सुरू होते. फेस स्वच्छ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी लांबीला, मग दोन्ही तिरप्या दिशांना ठेवायची आणि खाली फीलर गेजचे पान सरकवून बघायचे. सुझुकीच्या इंजिनांसाठी मॅन्युअलमधली मर्यादा ०.१ मिलिमीटर, साधारण एका कागदाएवढी. ०.३ किंवा ०.४ चे पान टोकापाशी सहज गेले, तर नव्या पॅकिंगने काय होणार हे वेगळे सांगायला नको. पॅकिंग जाड असले तरी एवढा फरक भरून काढत नाही, कारण टोकाला ते सैल राहते आणि तिथूनच गरम धूर त्याला जाळायला लागतो. मॅनिफोल्ड मशीन शॉपमध्ये नेऊन फेस मारून, म्हणजे सपाट करून, घेणे हाच उपाय, आणि वर्कशॉपमध्ये नीट बांधून केलेले हे काम तासा-दोन तासांचे. हेडचा फेसही त्याच पट्टीने बघावा. बसवताना नवे स्टड, तांबे चढवलेले किंवा पितळी नट वापरावेत, म्हणजे पुढच्या वेळी ते जाम होणार नाहीत; भोकांतला गंज रीमरने किंवा गोल कानशीने काढून सरकायची जागा मोकळी करावी. आवळणी मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर परत एकदा, तेवढ्याच टॉर्कने.

तिसरा आक्षेप पैशाचा: गाडीची किंमतच चाळीस-पन्नास हजार, तिच्यावर एवढे कशाला? गाडी विकायची असेल तर हा प्रश्न रास्त आहे. चालवायची असेल तर उत्तर शरीरात आहे. एक्झॉस्टच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. मारुती ८०० सारख्या गाड्यांत आतली ताजी हवा पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून येते, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेला लागून. कोकणच्या पावसात काचा बंद, पंखा चालू, वाहतूक अडकलेली. गळणाऱ्या मॅनिफोल्डचा धूर आत यायला याहून सोयीची स्थिती नाही. मागच्या सीटवरची मुले डोके दुखतेय, मळमळतेय म्हणाली तर गाडी लागली असे समजून सोडून देऊ नये. दुसरे उत्तर कागदपत्रांचे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी एमएच-०६ ची गाडी पेणच्या आरटीओ कार्यालयाच्या तपासणीतून जाते. २०२२ च्या एप्रिलमध्ये या नूतनीकरणाची केंद्रीय फी ६०० वरून ५००० रुपये झाली, वर पर्यावरण कर. एवढे भरून गाडी आणखी पाच वर्षे ठेवायचे ठरवलेल्या माणसाने मॅनिफोल्डवर खर्च करायला का कचरावे? पीयूसीचा आकडाही गळतीने बिघडतो: मिसिंगमुळे न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात, आणि भारत स्टेज-२ व ३ च्या काळातल्या गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्ध्या टक्क्याइतकी कडक आहे. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या नंतरच्या इंजेक्शन गाड्यांत तर एक्झॉस्टच्या फटीतून दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो.

एका बाबतीत मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडावा. मॅनिफोल्ड उतरवल्यावर त्यात आरपार चीर दिसली, विशेषतः दोन पोर्ट एकत्र येतात त्या काखेत, तर साध्या वेल्डिंगने ती सांधली जात नाही. बिडात कार्बन फार. वेल्डच्या शेजारचा भाग थंड होताना काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्या उन्हाळ्यात शेजारीच नवी चीर पडते. निकेलच्या रॉडने, तुकडा आधी सगळा तापवून आणि मग राखेत हळूहळू थंड करून हे काम करणारे कारागीर आहेत, पण थोडे. पद्मिनी किंवा अँबॅसॅडरसाठी, जिचा सुटा भाग दुर्मीळ झाला आहे, त्यांच्याकडे जाणे योग्य. मारुती ८०० किंवा ओम्नीसाठी भंगारातल्या गाडीचा चीर नसलेला मॅनिफोल्ड घ्यावा, त्याच पट्टीने आणि त्याच फीलर गेजने तपासून फेस मारून घ्यावा, आणि तोच बसवावा.